साथ ओसरल्यावर मालक कोण?

एखाद्या साथीत सगळी प्रौढ माणसे दगावली आणि केवळ मुले मागे राहिली, तर ती मुले कसला समाज उभारतील? न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या ‘द ट्राइब’ या दूरचित्रवाणी मालिकेचा हा विषय आहे. १९९९ ते २००३ या वर्षांत तिची पाच पर्वे प्रसारित झाली आणि अनेक देशांतील किशोरवयीन प्रेक्षकांनी ती उचलून धरली. आज तीच मालिका आमच्या द्रोणागिरी-उरण भागातील काही तरुण मोबाईलवर पाहतात आणि तिच्यावर तावातावाने वाद घालतात. ज्यांची शाळेची ऐन वर्षे करोनाच्या टाळेबंदीत गेली, त्यांना या कथेचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु या वादांत एक प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे. साथीनंतर जी माणसे उरतात त्यांच्या श्रमाचा भाव वाढतो की घटतो? आणि वाढला, तर तो वाढलेला भाव त्यांच्या हाती टिकतो काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. मुंबई शहराने तो १८९६-९७ साली प्लेगच्या रूपाने प्रत्यक्ष अनुभवला. त्याचे जे उत्तर त्या वेळी मिळाले, ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण तेच उत्तर २०२० साली आपल्याला पुन्हा मिळाले.

प्रथम मालिकेविषयी थोडे सांगितले पाहिजे. एका विषाणूने सर्व मोठी माणसे मरतात आणि शहर पोरांच्या टोळ्यांच्या हाती जाते. ‘लोकोज’ नावाच्या टोळीचा म्होरक्या झूट हा धाकदपटशाने रस्ते ताब्यात घेतो. त्याचा सख्खा भाऊ ब्रे, अँबर नावाची समंजस मुलगी आणि त्यांचे सोबती एका ओसाड पडलेल्या मॉलमध्ये आसरा घेतात आणि स्वतःला ‘मॉल रॅट्स’ म्हणवतात. झूट मरण पावल्यावर त्यालाच देव मानणारा एक पंथ निघतो व त्या पंथाची जुलमी राजवट येते. ती मोडते न मोडते तोच ‘टेक्नोज’ नावाचे टोळके यंत्रविद्येच्या बळावर शहर काबीज करते. गुंडगिरी, धर्मांधता आणि यंत्रसत्ता या तिन्ही संकटांतून मुले लोकशाहीचा मार्ग शोधत राहतात. मालिका बाळबोध नाही, आणि तिच्या कर्त्यांचा हेतूही चांगला आहे.

तरीही तिच्यात एक मोठी उणीव आहे. या मुलांचा संसार मुख्यतः मेलेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या मालावर चालतो. डबाबंद अन्न, कपडे, बॅटऱ्या, औषधे यांसाठी टोळ्या एकमेकींवर तुटून पडतात. डॅल नावाचा मुलगा भाजीपाला पिकवू पाहतो आणि जॅक विजेची व पाण्याची खटपट करतो, हे खरे. पण कथा त्यांच्यापाशी फार काळ थांबत नाही. राज्य कोणी करावे याची चर्चा पर्वामागून पर्व चालते. दळण कोणी दळावे, घाण कोणी काढावी आणि त्याचा मोबदला कोणी ठरवावा हा विषय मात्र कडेलाच राहतो. मॉल ही बाजारपेठ आहे. तिच्यात वस्तू दिसतात, ती करणारे हात दिसत नाहीत. ज्या समाजाने मालिका निर्माण केली त्या समाजाची ही दृष्टी आहे आणि ती नकळत कथेत उतरली आहे.

याच जातीची आणखी एक मालिका १९७५ ते १९७७ या काळात इंग्लंडमध्ये बीबीसीने दाखवली होती. टेरी नेशन यांच्या ‘सर्व्हायव्हर्स’ या मालिकेत हातांचा प्रश्न अधिक गंभीरपणे मांडला होता. साधी मेणबत्तीसुद्धा मुळापासून करता येणारा माणूस आपल्यात राहिलेला नाही, ही जाणीव तिच्या पात्रांना लवकर होते. पण तिथेही पहिला हुकूमशहा म्हणून उभा केला जातो तो वर्मली हा कामगार संघटनेचा माजी पुढारी! हातांत बंदुका घेतलेली माणसे जमवून तो मुलूख आपल्या मालकीचा ठरवतो. संकटकाळी संघटित कामगार हा समाजाला धोका ठरतो, अशी मध्यमवर्गीय भीती त्या काळी इंग्लंडमध्ये मूळ धरून होती. वर्मली हे त्या भीतीचेच पात्र दिसते. खऱ्या साथीत धोका कोणाकडून आला, हे पाहायला मात्र आपल्याला मुंबईच्या गिरणगावातच जावे लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांपैकी सुमारे पावणेचार लाख माणसे शहर सोडून निघून गेली. आगगाड्या, आगबोटी, पडाव, बैलगाड्या, जे मिळेल त्याने आणि काहीच न मिळाल्यास पायी, लोकांनी कोकणची व घाटावरची वाट धरली. जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. कोणत्याही दूरचित्रवाणी मालिकेला शोभावा असा हा देखावा होता.

अशा वेळी शहर कोणाच्या जिवावर चालते, हे तत्काळ उघड झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिकेने रोग्यांना सक्तीने वेगळे काढून रुग्णालयात नेण्याचे कडक हुकूम काढले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. महिना संपता संपता पालिकेने आपले हुकूम सैल केले. पालिका आयुक्त स्नो यांच्या अहवालात त्याचे कारण नमूद आहे. शहरातील हलालखोर म्हणजे सफाई कामगार घाबरून निघून गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने साम्राज्यातील एका बलाढ्य नगरपालिकेला माघार घ्यावी लागली. हा प्रसंग आपल्या शालेय इतिहासात कुठेही आढळत नाही.

गिरण्यांतही तेच घडले. त्या वेळी मुंबईत सुमारे सत्तर गिरण्या होत्या आणि पाऊण लाखाच्या आसपास कामगार त्यांत राबत होते. त्यांचा महिन्याचा पगार मालक पुढल्या महिन्याच्या मध्यापर्यंत अडकवून ठेवीत. कामगाराने मध्येच काम सोडू नये, सोडल्यास त्याचा पगार बुडावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. प्लेगने ही व्यवस्था उलटी केली. उद्या जिवंत राहू की नाही याचा भरवसा नसलेला कामगार पुढल्या महिन्याच्या पगारावर कसा विश्वास ठेवणार? त्याने रोजची मजुरी रोज मागितली. हात कमी आणि चाती पुष्कळ अशी अवस्था झाल्याने मालकांना ती द्यावी लागली. एवढेच नव्हे, तर रस्त्यांच्या नाक्यांवर निरनिराळ्या गिरण्यांचे लोक कामगारांसाठी चढाओढीने बोली लावू लागले. एरवी गिरणीच्या दरवाजात जॉबरपुढे हात जोडून उभा राहणारा मजूर चार दिवस तरी आपला भाव स्वतः सांगत होता.

यात मुंबईचे काही वेगळेपण नव्हते. चौदाव्या शतकात युरोपात आलेल्या महामारीनंतर इंग्लंडमध्ये हेच घडले होते. मजूर कमी झाले, मजुरी वाढली, कुळे गावे सोडून जास्त मजुरी देणाऱ्याकडे जाऊ लागली. त्यावर राज्यसत्तेने काय केले? १३४९ मध्ये हुकूम आणि १३५१ मध्ये कायदा काढून मजुरी साथीपूर्वीच्या दराला बांधून टाकली आणि धडधाकट माणसाने काम नाकारणे हा गुन्हा ठरवला. मागणी व पुरवठा यांचा नियम मालकाच्या बाजूने असतो तोवर तो निसर्गनियम म्हणून शिकवला जातो. तो मजुराच्या बाजूने झुकला की कायद्याचा बडगा बाहेर पडतो. इंग्लंडमधील शेतकऱ्यांचे १३८१ चे बंड या इतिहासाशिवाय समजत नाही.

मुंबईत तसा कायदा करण्याची गरज पडली नाही. १८९७ च्या मध्यापासून माणसे परतू लागली. गावी पावसाने व दुष्काळाने हात आखडला होता, कर्ज होतेच. नाक्यावरची बोली थांबली, रोजचा पगार मागे पडला आणि अडकवून ठेवलेला मासिक पगार पुन्हा आला. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ज्यांनी प्लेगमधून जीव वाचवला त्यांच्या नशिबी हा प्रकाश आला! वस्त्यांच्या बाबतीतही तीच तऱ्हा झाली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आरोग्याच्या नावाखाली दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या अपुऱ्या होत्या. परिणामी उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि भाडी चढली. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी खाली आली होती. म्हणजे माणसे घटूनही गरिबाच्या वाट्याची जागा वाढली नाही.

मिळालेले हातचे का गेले? याचे उत्तर शोधताना नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘दीनबंधु’चे हे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा उभी केली आणि १८९० मध्ये साप्ताहिक सुटी मिळवून दिली. प्लेगच्या ऐन धुमाळीत रोग्यांच्या मदतीचे काम करीत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. नाक्यानाक्यावर मजुराचा भाव चढत होता, नेमक्या त्याच दिवसांत मजुराचा एकमेव जाणता पुढारी गेला. आणि कटू असले तरी हेही सांगितले पाहिजे की त्यांच्या सभेला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, नियमावली नव्हती. एका माणसाच्या तळमळीवर ती चालत होती. तो माणूस गेला आणि संस्थाही विरली. टंचाईने मजुराला भाव दिला, पण तो धरून ठेवायला लागणारी मूठ अजून वळलेली नव्हती.

लोखंडे यांच्यानंतर महिन्याभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांना प्लेगनेच मृत्यू आला. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळावर रोग्यांसाठी उपचाराची सोय केली होती आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणीत होत्या. त्याच पुण्यात २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या निमित्ताने घरात शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांविषयीचा संताप त्यामागे होता आणि तो अकारण नव्हता. पण साथीला तरुणांनी दिलेले उत्तर म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत पिस्तूलच तेवढे ठळक राहिले. हडपसरच्या माळावरची शुश्रूषा कित्येक वर्षे तळटीपेत होती आणि नाक्यावर आपला भाव सांगणारा मजूर तर तळटीपेतही नाही. ‘द ट्राइब’मध्ये जे झाले तेच आपल्या इतिहासलेखनात झाले. म्होरके दिसले, हात दिसले नाहीत.

तथापि कथा इथे संपत नाही. १८९७ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुले पुढे काय झाली, याचा विचार करा. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास राबवण्याची मुभा होती. प्लेगमधून वाचलेली पुष्कळ पोरे अशीच अर्ध्या पाळीवर गिरणीत शिरली आणि तिथेच वाढली. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली, महागाई आकाशाला भिडली, आणि जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप केला. त्या संपातला तिशी-बत्तिशीचा कामगार हाच प्लेगच्या काळातला पोर होता. १९२० मध्ये मुंबईतच अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. १९२८ मध्ये सहा महिन्यांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. या वेळी पावतीपुस्तके होती, गिरणीगणिक समित्या होत्या, पुढारी तुरुंगात गेला तरी दुसरी फळी होती. पगार किती दिवसांत दिला पाहिजे याला कायद्याची मर्यादा पडली ती १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने. नाक्यावरच्या मजुराने चार दिवस मिळवलेल्या गोष्टीला कायद्याचा आधार मिळायला एकोणचाळीस वर्षे लागली. साथीतून वाचलेल्या मुलांनी समाज कसा उभारला, असे कोणी विचारले तर आपण हा इतिहास दाखवावा.

आता २०२० कडे वळू. त्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला तो प्लेगच्या वेळचाच, ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा होता. देशभर टाळेबंदी झाली आणि मजूर पुन्हा पायी निघाले. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. त्याच आठवड्यात कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक होताच मजुरांना गावी नेणाऱ्या खास गाड्या रद्द करायला लावल्या. देशभर ओरड झाल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. मजूर निघून गेले तर ते चढ्या भावाने परत येतील, ही १३५१ ची धास्ती बंगळुरूत जशीच्या तशी जिवंत होती. उत्तर प्रदेश सरकारने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे स्थगित करण्याचा अध्यादेश मंजूर केला. गुजरातने कामाचे तास बारापर्यंत वाढवले आणि वाढीव तासांना दुप्पट मजुरी देण्याचेही नाकारले. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द ठरवली.

साथ ओसरली, पण दिशा बदलली नाही. साथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, संसदेत घाईने संमत झालेल्या तीन आणि त्याआधीच्या एका अशा चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात येते. दरवाजाबाहेर बदली कामगारांची रांग उभी असताना आतल्या कंत्राटी कामगाराची संमती किती स्वतंत्र असते, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. १९०५ साली विजेच्या दिव्याने जे केले ते आता संमतिपत्राच्या कागदाने करायचे आहे.

हे सारे द्रोणागिरीहून लिहिताना या भागाचा स्वतःचा इतिहास डोळ्यांआड करता येत नाही. लक्ष्मणासाठी संजीवनी आणताना मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला आणि त्याचाच हा डोंगर झाला, अशी इथली लोकसमजूत आहे. पण आधुनिक काळात इथे आले ते सिडकोचे भूसंपादन. १९७० नंतर ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्यात आल्या. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, खाडीवरचा मासेमारीचा हक्क आटला. कोणतीही साथ न येता एका पिढीचे जग संपले. रोख मोबदल्याचे पैसे पुष्कळ घरांत फार दिवस पुरले नाहीत. टिकले ते वेगळेच. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटित झाले, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. ते राज्याला व देशाला उदाहरण ठरले. गिरणगाव आणि जासई यांचा धडा एकच आहे. संकटाने किंवा बाजाराने दिलेले बाजार परत घेतो. संघटनेने मिळवलेले काढून घ्यायला त्याला वेळ लागतो आणि झगडावे लागते.

त्या शेतकऱ्यांची तिसरी पिढी आज इथल्या कंटेनर यार्डांत आणि गोदामांत कंत्राटावर काम करते. टाळेबंदीत सारा देश थांबला होता, तेव्हाही बंदर चालू होते. अत्यावश्यक म्हणून ज्यांना कामावर बोलावले गेले, त्यांचे कंत्राट मात्र अत्यावश्यक ठरले नाही. मुखवटा बांधून कंटेनर हलवणारा हा तरुण आणि १८९६ चा हलालखोर यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघांच्या हातांवर शहर चालते. फरक इतकाच की त्या तरुणाला आपल्या हातांची किंमत अद्याप कळायची आहे, आणि मॉलमधल्या टोळ्यांची मालिका ती त्याला सांगणार नाही.

साथीने अनाथ झालेल्या मुलांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण मालिकेतील मुले कल्पित असली तरी ही खरी आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचे ठरवले. केंद्राने वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये देण्याची योजना जाहीर केली. हे पैसे आवश्यक होते आणि ते देणे योग्यच झाले. परंतु मुदतठेव शाळेत सोडायला येत नाही, तापात रात्र जागवत नाही. सावित्रीबाईंनी रोग्याला पैसे पाठवले नाहीत, त्या स्वतः गेल्या. मालिकेतील मुलांना मोठी माणसे उरलेली नाहीत. आपल्या मुलांभोवती मात्र सारा समाज हयात आहे, त्याची त्यांना ओळख पटली पाहिजे.

मग आपल्या शाखांनी काय करावे? पहिले काम मोजणीचे आहे. आपल्या भागातील कंत्राटी आणि परप्रांतीय मजूर किती, कोणत्या मुकादमाकडे, किती मजुरीवर, याची वही प्रत्येक शाखेपाशी हवी. २०२० मध्ये अन्नाची पाकिटे वाटताना सरकारपाशी अशी नोंद नव्हती आणि बहुतेक ठिकाणी आपल्यापाशीही नव्हती. दुसरे काम कायद्याचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीच्या असंघटित कामगाराला मंडळ, नोंदणी आणि नियमित पगार मिळू शकतो हे महाराष्ट्राने देशाला दाखवले. तोच न्याय गोदामांना व यार्डांना पूर्णपणे लागू व्हावा आणि नव्या संहितांच्या आडून तो मोडला जाऊ नये, यासाठी आताच उभे राहिले पाहिजे. तिसरे काम औषधाचे. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची परळची संस्था जनतेच्या मालकीची आहे. लस व औषधे बनवण्याची सार्वजनिक क्षेत्राची ताकद वाढवण्याची मागणी साथ नसताना केली पाहिजे. साथ आल्यावर ती मागणी म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

आणि ही मालिका? ती पाहू नका असे तरुणांना सांगण्यात अर्थ नाही. उलट अभ्यासवर्गात ती दाखवावी आणि प्रत्येक भागानंतर तीन प्रश्न विचारावेत. आज या मुलांनी जे खाल्ले ते कोणी पिकवले? ज्याने पिकवले त्याला काय मिळाले? आणि ते त्याला उद्याही मिळेल याची हमी कोणी दिली? तिसऱ्या प्रश्नापाशी चर्चा अडेल. तिथेच लोखंडे यांच्या सभेची आणि १९२८ च्या पावतीपुस्तकाची गोष्ट त्यांना सांगावी.

पुढची साथ कधी येईल हे शास्त्रज्ञही सांगू शकत नाहीत. ती येईल तेव्हा काही दिवस पुन्हा हातांचा भाव वाढेल, पुन्हा टाळ्या वाजतील आणि त्यांपाठोपाठ पुन्हा अध्यादेश निघतील. त्या दिवसांत आपल्या शाखेची वही कोरी असेल, तर त्या भावातले काहीही आपल्या तरुणांच्या हाती उरणार नाही. म्हणून वहीची सुरुवात या महिन्यातच झाली पाहिजे.